सोडायचं काय आणि धरायचं काय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपमधल्या एका ताईंचा फोन आला. मुलगा बाहेरगावी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, खर्च झेपत नाही, त्याला घराजवळच्या कॉलेजात आणावं का, असं विचारत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "पण हातात घेतलेलं मध्येच सोडायचं, हे चूक नाही का?" तेव्हा फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आज लिहिते, कारण तीन वर्षांपूर्वी आमचं घर याच वाटेने गेलं आहे.

आमची मुलगी बी.एस्सी.साठी पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात गेली. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला साडेतीन लाख. आमच्या इंदूरात १८९१ सालापासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहे, दुसरीही कॉलेजं आहेत. पण "मुलगी पुण्याला शिकते" हे सांगण्यात वेगळाच गोडवा होता. अ‍ॅडमिशनचा फोटो ग्रुपवर मीच टाकला होता. ह्यांनी कर्ज काढलं. शिकत असेपर्यंत हप्ता नसतो म्हणून निश्चिंत होतो. व्याज मात्र पैसे उचलल्यापासूनच चढत असतं, हे बँकेचा कागद घरी आल्यावर नीट कळलं.

दिवाळीत ती आली तेव्हा चेहरा उतरलेला. सकाळी प्रॅक्टिकल, संध्याकाळी दोन घरी शिकवण्या, अभ्यास रात्री बारानंतर. शिकवण्यांचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. तो बँकेचा कागद तिने कपाटात पाहिला आणि म्हणाली, "आई, हेच विषय इथंही आहेत. मला परत यायचंय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "अगं, लोकांना काय सांगायचं?"

ती काहीच बोलली नाही. ते वाक्य मला आजही टोचतं.

त्या आठवड्यात आपल्या सत्संगात गीतेचा अठरावा अध्याय चालू होता. त्यात सुरुवातीलाच भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहामुळे आपलं नेमलेलं कर्मच टाकून देणं हा तामस त्याग. त्रास होतो, शरीराला कष्ट पडतात म्हणून सोडणं हा राजस त्याग. त्यातून त्यागाचं फळ मिळत नाही. आणि कर्तव्य म्हणून कर्म करत राहायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची इच्छा सोडायची, हा सात्त्विक त्याग.

ऐकताना माझ्या लक्षात आलं, की आपण "सोडलं" हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. विद्यार्थ्याचं कर्म विद्या मिळवणं हे आहे. ती विद्या कोणत्या इमारतीत मिळवायची, हे काही त्याचं कर्म नव्हे. मुलगी कर्म टाकत नव्हती, नाव सोडत होती. आसक्ती होती ती आमची, आणि त्यातही जास्त माझी.

म्हणून प्रत्येक परतणं बरोबरच, असंही नाही. गणित अवघड जातं, रूममेटशी पटत नाही, घरची आठवण येते, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला बॅग भरली तर तो राजस त्याग. तिथे आई-वडिलांनी धीर द्यावा, थांबायला सांगावं. म्हणून त्या रात्री आम्ही तिला तीनच गोष्टी विचारल्या. पैशाचा प्रश्न उद्या सुटला तर तुला तिथं राहायचं आहे का? इथं येऊन शिकायचं ते सगळं शिकायला मिळेल का? आणि पाच वर्षांनी मागे वळून पाहताना तुला हे पळणं वाटेल का? तिने प्रत्येकाचं उत्तर विचार करून दिलं. पहिल्याला "हो, राहायला आवडेल" म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. पण धाकट्या भावाची दहावी समोर होती, आणि कर्ज आम्हा चौघांचं होतं.

पहिलं वर्ष पूर्ण करून ती परत आली. काहीच गमावलं नाही असं म्हणणार नाही. भरलेले पैसे गेले, एक विषय जुळला नाही म्हणून त्याचा पेपर वेगळा द्यावा लागला, मैत्रिणी सुटल्या. ती इथं पहिली वगैरे आली नाही. चांगल्या मार्कांनी बी.एस्सी. झाली, रात्री वेळेवर झोपू लागली, आणि उरलेल्या दोन वर्षांचं कर्ज टळलं.

ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. आधी नव्या कॉलेजात जागा आहे का आणि विषय जुळतात का, ते विचारा. मगच जुनं सोडा. सिलॅबसची प्रत, मार्कशीट, टी.सी. आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. मूळ कागदपत्रं संस्थेने अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच कळवलं आहे. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. मुलाने मिळवलेले क्रेडिट त्यात जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. दोन्ही कॉलेजं त्यात नोंदलेली आहेत का, तेवढं पाहून घ्या.

आणि एक विनंती आपल्या सर्वांना, त्यात मीही आले. मूल बाहेर शिकायला जातं तेव्हा आपण ग्रुपवर हार-फुलं पाठवतो. तेच मूल परत येतं तेव्हा लग्नाकार्यात गाठून विचारतो, "काय गं, झेपलं नाही का?" ही आपली प्रेमाची चौकशी त्या मुलाच्या पाठीवर ओझं होऊन बसते. किती मुलं केवळ या एका प्रश्नाच्या भीतीने कर्जात आणि काळजीत तिथेच राहत असतील! त्यापेक्षा "आता कोणता विषय शिकतेस?" एवढंच विचारूया.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. मुलाच्या हातात पुस्तक आहे ना, ते पाहा. ते असेल तर त्याने काही सोडलेलं नाही. आपल्या हातात काय घट्ट धरलं आहे, ते मात्र एकदा मूठ उघडून पाहा.

काही चुकलं असल्यास क्षमा असावी.

आपली एक गुरुभगिनी, इंदूर 🙏