चुरगळलेली फुलं

माझ्या ताईच्या लग्नातला हार तीन दिवस आमच्या मुलुंडच्या घरात, फ्रीजमधल्या भाजीच्या खणात होता. त्या तीन दिवसांत मी बरीच कामं बरोबर केली आणि एक चुकीचं. बरोबर केलेली आधी सांगते, कारण ती सोपी आहेत.

हल्ली वरमाला सुकवून रेझिनमध्ये बसवून घेतात. ताईलाही तशी फ्रेम हवी होती. लग्न मे महिन्यात, ती सासरी घाटकोपरला गेलेली, म्हणून हार अंधेरीच्या स्टुडिओत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सूचना फोनवरच मिळाल्या. पाणी मारू नका. टिश्यू पेपरमध्ये सैल गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये चालेल, फ्रीजरमध्ये अजिबात नको. आणि शेजारी पिकलेली फळं ठेवू नका.

मला कारणं कळल्याशिवाय काम करवत नाही, म्हणून शोधली. तोडलेलं फूल मेलेलं नसतं, त्याचा श्वास चालू असतो. गारव्यात तो मंदावतो, म्हणून फूल टिकतं. पाकळ्यांवर पाणी राहिलं तर बुरशी धरते. फ्रीजरमध्ये पाकळीतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात, आणि बाहेर काढल्यावर फूल काळपट, लिबलिबीत होतं. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारचं फूलही लवकर म्हातारं होतं. आमच्या फ्रीजमध्ये हापूस होते. ते काढून आजीच्या खाटेखाली ठेवले.

आजीला हा सगळा प्रकार पटला नव्हता. "हार उतरला की निर्माल्य. ते तुळशीत घाल," ती म्हणाली. देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही, या वळणातली ती. फुलाला एक दिवस असतो, तो झाला की ते मातीला द्यायचं. मला वाटलं, हा दोन पिढ्यांचा वाद आहे. आजी सोडून द्या म्हणते, ताई धरून ठेवा म्हणते. मी मनातून ताईच्या बाजूने होते.

आता चुकलं ते सांगते.

आमच्या बाबांनी आठ महिने ताईशी बोलणं टाकलं होतं. कारण जात, दुसरं काही नाही. मुलगा चांगला आहे हे तेही मान्य करायचे. लग्नाला ते आले, पण हॉलच्या दाराशी, चपलांजवळ उभे राहिले. अक्षता टाकल्या की नाही, मी पाहिलं नाही. पाठवणीच्या वेळी मात्र ते पुढे आले आणि त्यांनी ताईला जवळ घेतलं. बराच वेळ. एक शब्द बोलले नाहीत. बाजूला झाले तेव्हा हाराची डावी बाजू पार चुरगळली होती. गुलाब चेपलेले, निशिगंधाच्या कळ्या वाकलेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हार उघडला. स्टुडिओवाल्या बाईंनी सांगितलं होतं की फ्रेममध्ये सगळा हार मावत नाही, पंधरा-वीस चांगली फुलं पुरतात. दाबलेली पाकळी तपकिरी पडते, आणि सुकल्यावर तो डाग आणखी गडद दिसतो. म्हणून मी फुलं निवडली, आपण मेथी निवडतो तशी. उजवीकडची डब्यात. डावीकडची ओल्या कचऱ्यात. साडेआठला सोसायटीचा कचरा गेला. मी लोकलने घाटकोपरला आणि तिथून मेट्रोने अंधेरीला गेले, डबा मांडीवर घेऊन. स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "बाबांच्या बाजूची फुलं वेगळी ठेवलीस ना गं?"

फोन ठेवल्यावर मला आजीचं बोलणं नव्याने कळलं. निर्माल्य म्हणजे कचरा नव्हे, हे आपण सगळेच ऐकतो. ते पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं. गणपतीत विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य कलश ठेवलेले असतात, त्यातल्या फुलांचं खत होतं. पण माझ्या लक्षात न आलेली गोष्ट ही की निर्माल्यात निवड नसते. टवटवीत आणि कोमेजलेलं, दोन्ही एकाच ओंजळीतून जातं. फूल कसं दिसतं याला तिथे महत्त्व नसतं, ते कुणाला वाहिलं होतं याला असतं. ताईचा हिशोबही तोच होता. दोघींपैकी कुणीही ती फुलं कचऱ्यात टाकली नसती. ते फक्त मी केलं.

जपायचं म्हटलं की निवडावं लागतं, कारण जागा कमी असते. फ्रेममध्येही आणि फोनमध्येही. डोळे मिटलेले, रडलेले, हललेले फोटो आपण पटापट उडवतो. उरतात ते सुंदर असतात, खोटेही नसतात. पण वर्षांनंतर आपण त्यांच्याकडेच बघून म्हणतो, असा होता तो दिवस. तो दिवस तसा नव्हता. एक माणूस आठ महिन्यांचा हट्ट गिळून पुढे आला होता, आणि त्याचा एकमेव पुरावा मला डाग वाटला.

मग जपूच नये का? मला तसं वाटत नाही. रेझिनही कायमचं नसतं, उन्हात राहिलं तर वर्षांनी पिवळं पडतं. सुकवताना फुलातलं पाणी जातं, वास जातो, उरतो आकार आणि थोडा रंग. एवढंसं उरणार असेल, तर ते नेमकं कशाचं उरावं हे ठरवायचा हक्क कुणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्याच्या हातात डबा आहे त्याचा तो नक्कीच नाही. तुमच्याकडे कधी असा डबा आला तर फळं दूर ठेवा, पाणी मारू नका, आणि निवडायच्या आधी एक फोन करा.

मी ताईला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

फ्रेम तिच्या हॉलमध्ये लागली. दिवाळीत बाबा पहिल्यांदाच तिच्या घरी गेले, मी बरोबर होते. चष्मा वर करून त्यांनी ती जवळून पाहिली. लाल गुलाब, मधे पांढरा निशिगंध, कुठे डाग नाही.

"चुरगळली होती ना गं ही?" ते म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. बाबा अजून फ्रेमसमोरच उभे होते.