रकान्याबाहेरचा देव

देव मानणे आणि एखाद्या धर्माचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मनात घडते. दुसरीला जन्म लागतो, दाखला लागतो आणि बहुतेक वेळा कोणाची तरी मान्यता लागते. मराठीत ‘धर्म’ या शब्दाला हा दुसरा अर्थ तसा उशिरा चिकटला. धर्मशाळा, दानधर्म, शेजारधर्म या शब्दांतला धर्म म्हणजे माणसाने करायची गोष्ट. माणूस अमुक धर्माचा ‘असतो’ आणि तो धर्म एका यादीतल्या नावाने लिहायचा असतो, ही रीत १८७२ पासूनच्या जनगणनांनी घट्ट केली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २८ लाख ६७ हजार माणसांपुढे ‘धर्म सांगितलेला नाही’ अशी नोंद झाली. त्यांतले किती जण देव मानतात हे त्या आकड्यावरून कळत नाही, कारण जनगणना धर्म विचारते, देव विचारत नाही.

परभणीच्या भागात मात्र धर्माच्या शिक्क्याशिवाय देव मानण्याची वाट जनगणनेच्या रकान्यांहून कितीतरी जुनी आहे. नरसी आणि औंढा नागनाथ ही गावे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. परंपरेनुसार नरसी हे नामदेवांचे जन्मगाव आणि औंढा ही त्यांना गुरू भेटल्याची जागा. हे गुरू, विसोबा खेचर, देवळात शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा विसोबांनी देव नसेल तिथे पाय उचलून ठेवायला सांगितले, आणि तशी जागा नामदेवांना सापडली नाही. ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. तिच्यातला युक्तिवाद मात्र सरळ आहे. देव सगळीकडे असेल, तर त्याला एका गाभाऱ्यात ठेवून दारावर पहारा बसवण्याचा हक्क कोणालाच पोहोचत नाही. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात जातीवरून देवळातून उठवले गेल्याचे आणि मग देऊळच आपल्याकडे वळल्याचे ते सांगतात. लोकांनी ती घटना औंढ्याशी जोडली आहे.

नामदेवांच्याच काळातल्या जनाबाई गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या. घरची गरिबी, वर्ण शूद्र. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिल्या. त्यांच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेत सापडतात. त्या अभंगांतला विठ्ठल गाभाऱ्यात फारसा दिसत नाही. तो जनीबरोबर दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, धुणे धुतो, तिचे केस विंचरतो. ज्या कामांना प्रतिष्ठा नव्हती, त्या कामांत देवाने हात घालावा असे या बाईला वाटले, आणि तसे वाटण्यासाठी तिने कोणाची परवानगी घेतली नाही. मंत्र नाही, मध्यस्थ नाही, दक्षिणा नाही. मराठीत देव आणि माणूस यांच्यातले अंतर इतके कमी कोणीच केलेले नाही. जनाबाईंची आणखी एक कथा आहे. देवाचे पदक चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला, सुळाची शिक्षा झाली आणि त्या सुळाचे पाणी झाले. देवाशी परस्पर नाते जोडणाऱ्या मोलकरणीवर देवळाच्या मालमत्तेच्या चोरीचा आळ यावा, यात लोकस्मृतीने त्या काळचा तणाव अचूक टिपला आहे.

जनाबाईंना आजच्या अर्थाने धर्माबाहेरच्या म्हणणे चुकीचे ठरेल. त्या विठ्ठलाच्या होत्या आणि पंढरीच्या होत्या. ‘तुमचा धर्म कोणता’ हा प्रश्न त्यांना कळलाही नसता. पण देवाशी नाते जोडायला कोणाचा शिक्का लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवले. भक्तीने देव मोकळा केला. देवळाचे दार मात्र तेवढ्याने उघडले नाही. अस्पृश्य ठरवलेले संत चोखामेळा बाहेरच राहिले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. मंदिरावरचा बडवे-उत्पात पुजाऱ्यांचा वंशपरंपरागत हक्क तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४ मध्ये संपला. मनातली मुक्ती आणि दारातली मुक्ती यांच्यामध्ये सहाशे वर्षांहून जास्त काळ गेला.

साईबाबांची गोष्ट परभणी जिल्ह्यात आणखी गुंतागुंतीची होते. शिर्डीत ते पडक्या मशिदीत राहिले, तिला त्यांनी द्वारकामाई म्हटले, तिथे धुनी पेटती ठेवली आणि ओठांवर अल्लाचे नाव ठेवले. आपला जन्म, जात, आईवडील यांविषयी त्यांनी ठाम असे काही सांगितले नाही. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते गेले, तेव्हा अंत्यविधी कोणत्या रीतीने करायचा यावरून हिंदू आणि मुसलमान भक्तांत वाद झाला. शेवटी मुरलीधराच्या मंदिरासाठी बांधल्या जात असलेल्या बुट्टींच्या वाड्यात त्यांचा देह पुरला गेला. परभणी जिल्ह्याशी त्यांचा संबंध दोन धाग्यांनी सांगितला जातो. कीर्तनकार दासगणू महाराजांनी सेलूचे गोपाळराव देशमुख यांना बाबांचे गुरू म्हटले, आणि पुढे पाथरीच्या भुसारी घराण्यात बाबांचा जन्म झाला असे मत मांडले गेले. पाथरीत त्या जागी मंदिर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा ‘जन्मभूमी’ या शब्दाला विरोध म्हणून शिर्डीकरांनी १९ जानेवारीला बंद पाळला.

पाथरीकरांचे प्रेम खरे आहे, शिर्डीकरांचेही. तरीही या वादात एक मूलभूत गोष्ट हरवली. आपल्या समाजात जन्मगाव ठरले की घराणे ठरते, घराणे ठरले की जात ठरते आणि जातीबरोबर धर्म आपोआप येतो. ज्या फकिराने ही साखळी पहिल्याच कडीला तोडली होती, तिच्या कड्या त्याच्यामागे भक्तांनी पुन्हा जोडायला घेतल्या. याउलट, परभणी शहरातल्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यात दर फेब्रुवारीत उरूस भरतो आणि सगळ्या धर्मांची माणसे नवस फेडायला येतात. तिथे येणाऱ्या हिंदू बाईला आपण कोणाच्या धर्मात गेलो असे वाटत नाही. श्रद्धेला हे सहज जमते. संस्थेला सीमा लागते, हिशेब लागतो, वारस लागतो.

एकोणिसाव्या शतकात देव आणि धर्म यांच्या नात्याचा हा प्रश्न पहिल्यांदा जाणीवपूर्वक मांडला गेला, तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि चर्चा चालली होती मुंबई-पुण्यात. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एक निराकार ईश्वर मानला आणि उपासनेत संतांचे अभंग घेतले. हिंदू समाज मात्र सोडला नाही. जोतीराव फुले याच्या फार पुढे गेले. त्यांनी विश्वाच्या कर्त्याला ‘निर्मिक’ हे नवे नाव दिले. जुन्या नावांना चिकटलेले पुराण, पुरोहित आणि वर्ण त्या नावाला चिकटलेले नव्हते. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकासमोर सगळे स्त्रीपुरुष समान आहेत. एकाच घरातल्या माणसांनी आपापल्या पसंतीचे वेगवेगळे धर्म पाळून प्रेमाने एकत्र राहावे, ही कल्पनाही तिथे आहे. फुल्यांचे मोठेपण त्याहूनही एका व्यावहारिक गोष्टीत आहे. देव एकट्याने मानता येतो, लग्न एकट्याने लावता येत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. जन्म, लग्न आणि मयत या तीन दारांवर संघटित धर्म उभा असतो. तिथे पर्याय दिला नाही, तर मनातला स्वतंत्र देव लग्नाच्या मांडवात गप्प बसतो.

कायद्यालाही हे कोडे याच सुमारास पडले होते. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. हा कायदा ज्यांच्या मागणीतून आला ते ब्राह्मो समाजाचे लोक तर देवाचे निस्सीम उपासक होते. देव मानणाऱ्याने लग्नासाठी सगळे धर्म नाकारावेत, असा तो प्रकार होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट सगळ्यांसाठी काढली. आज तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार असले की निबंधकासमोर लग्न होते.

धर्म न सांगण्याच्या हक्काविषयी स्पष्ट निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरात दिला. येशूवर श्रद्धा असलेल्या, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणताही धर्म न मानणाऱ्या एका गटाच्या सदस्यांनी राजपत्रात ‘ख्रिस्ती’च्या जागी ‘धर्म नाही’ अशी नोंद मागितली होती. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने सांगितले की, राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म नसण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि धर्म लिहिण्याची सक्ती कोणाही अधिकाऱ्याला करता येणार नाही. अर्ज करणारे ईश्वरनिष्ठ होते, ही या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट. तरीही नोंद पुसल्याने सगळे पुसले जात नाही. हिंदू वारसा कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नसलेल्या माणसाला सहसा लागू होतोच. धर्म नसलेल्याची जमीनही बहुतेक वेळा त्याच कायद्याने वाटली जाते. जात तर कायद्याहूनही चिवट आहे. धर्माचा रकाना कोरा ठेवून सोयरीक मात्र जातीतच शोधणाऱ्याने फार थोडे सोडलेले असते.

धर्माशिवाय देव मानण्याच्या या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांच्या विचारातून येतो. जातिसंस्थेवरच्या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियमांचा धर्म त्यांनी फेटाळला. समाजाला तत्त्वांचा धर्म मात्र लागतोच, असे त्यांचे ठाम मत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली ती ईश्वराविना उभ्या असलेल्या धम्माची, आणि ती लाखोंच्या सोबतीने. परभणी जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांत आज विहार आहेत आणि धम्म आहे. निर्माता ईश्वर नाही. इथे प्रश्न नेमका उलटा झाला आहे: देवाशिवाय धर्म. ज्याला गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्याला एकट्याच्या मनातला देव पुरला नाही. त्याला संघ हवा होता. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडू नये. एकाकी श्रद्धा मनाला बळ देते, पण अन्यायासमोर उभे राहायला माणसे लागतात.

म्हणून खरा प्रश्न उरतो तो सोबतीचा. पाटी न लावता माणसांना एकत्र आणणारी सोबत असते का? मराठवाड्यातल्या बायांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या होती. पहाटे जात्यावर दोघी बसत, जावाजावा किंवा नणंद-भावजय, आणि ओवी सुरू होई. तिच्यात विठ्ठल असे, जनाबाई असे, माहेर असे, दारुडा नवरा असे, हरवलेले लेकरू असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. या ओव्यांना गुरू नाही, ग्रंथ नाही, मठ नाही. एकीने सुरू केलेली ओळ दुसरी उचलते, एवढीच त्यांची व्यवस्था. जगातल्या कोणत्याही उपासनेशेजारी ठेवावी अशी ही उपासना आहे, आणि ती करणारीने तिला उपासना हे नावही दिले नाही. गिरणी आली, मनगटे सुटली, ते बरेच झाले. त्या श्रमाची हळहळ करण्याचे कारण नाही. पण पहाटेची ती दोघींची बैठक मोडली आणि तिच्या जागी तेवढी मोकळी जागा बायांना दुसरीकडे सहजी मिळाली नाही.

तशी सोबत आजही एका वाटेवर दिसते. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते. महाराज १८७८ मध्ये शेगावात दिसले. त्याआधीचे त्यांचे गाव, घर, जात यांचा पत्ता नाही. पालखीची वाट नरसी, औंढा, परभणी, दैठणा अशी गंगाखेडला गोदावरीकाठी येते. पालखीबरोबरचे वारकरी शिस्तीत, ठरलेल्या वेशात आणि नोंद करून चालतात. त्यांच्या मागे-पुढे मात्र गावोगावची माणसे असतात: कोणी चहा देते, कोणी पाय चेपते, कोणी पुढच्या मुक्कामापर्यंत चालते आणि संध्याकाळी परत फिरते. त्यांची नावे कोणत्याही वहीत नसतात.