समास किती सोडायचा?

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारा आपला माणूस पहिला घाव घालतो तो समासावर. कागद महाग. मग वरून काप, खालून काप, टाइप बारीक कर, ओळी दाटीनं बसव. पुस्तक स्वस्त पडलं, गरिबाला परवडलं, असं तो म्हणतो. ह्यात खोट काय? खोट अशी की परवडणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं.

हिशेब मांडू. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म. १६० पानं म्हंजे १० फॉर्म, १२८ पानं म्हंजे ८. पाचशे प्रतींमागं दोन फॉर्म वाचले, म्हंजे हजार ताव, दोन रीम कागद. आतल्या कागदाचा पाचवा हिस्सा झाला. ही बचत खरी आहे, ज्याच्या घरात महिनाअखेरीला उसनवारी चालते त्याच्या बचतीला कुणी हसू नये. पण ती निघाली कुणाच्या डोळ्यांतून? देवनागरीला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. कॉलेज शिकलेला सावरून घेतो, तो शब्दाची आकृतीच ओळखतो. पण जी बाई पन्नाशीत अक्षरं शिकली, ओळीवर बोट ठेवून वाचते, तिचं बोट एकदम दोन ओळींवर पडतं. दोन पानांत ती पुस्तक मिटते. आणि मुखपृष्ठाच्या आत आपण अर्पणपत्रिकेत लिहिलेलं असतं, माझ्या आयांना!

आतल्या बाजूचंही तेच. गम बाइंडिंगचं पुस्तक सपाट उघडत नाही. शिवणीकडचा समास पाऊण इंचाच्या आत आला की ओळींची टोकं घडीत गडप होतात. वाचणारा जोर लावतो, पुस्तकाचा कणा मोडतो, पानं सुटतात. मग लोक म्हणतात, ह्यांची पुस्तकं अशीच.

माझं मत सरळ आहे. बारा पॉइंटाच्या खाली जाऊ नका, ओळीला सोळा-सतराची जागा द्या. पैसे कमी पडले तर मजकूर कापा, नाहीतर प्रती कमी काढा. आता पन्नास प्रतीसुद्धा छापून मिळतात, पाचशेंचा हट्ट कशाला? मजकूर कापताना हात थरथरतो हे खरं. पण आपली एक कविता गाळायला लागू नये म्हणून म्हातारीचे डोळे फोडायचे, हा न्याय कुठला?

दुसरी गोष्ट शब्दांची. डीटीपी करणारा पोरगा 'व्हता'चा 'होता' करतो, 'पानी'चं 'पाणी' करतो. त्याच्या मनात पाप नसतं, शाळेनं त्याला तसंच घडवलंय. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनानं मान्य केले आणि पोरांच्या वह्यांवर लाल रेघा त्यांनुसार पडत गेल्या. ह्यावर काहीजण तोडगा काढतात, बोलीतला शब्द तिरक्या टाइपात छापायचा. हे मला अजिबात पटत नाही. तिरका टाइप म्हंजे हा शब्द पाहुणा आहे असं सांगणं. 'टेबल' सरळ उभं, 'स्टेशन' सरळ उभं, आणि 'येसकर' तिरका? परदेशातून आलेल्याला ओसरीवर बसवलं आणि पिढ्यान् पिढ्या वेस राखणाऱ्याला त्याच्याच पुस्तकात वेशीबाहेर ठेवलं. १९७२ ला 'गोलपिठा' आला तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातले शब्द अडले. अडू देत ना. आपण त्यांचे संस्कृत शब्द कोश उघडूनच शिकलो.

मात्र प्रत्येक चूक बोली नसते. एकाच पानावर निवेदनात एकदा 'पानी', एकदा 'पाणी' असेल तर तो विद्रोह नव्हे, ती गफलत. मास्तरापुढं 'पाणी' आणि घरी 'पानी' म्हणणारा पोरगा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं लेखकानं ठरवून लिहिलंय. म्हणून एका कागदावर आपल्या शब्दांची यादी करा आणि हस्तलिखिताबरोबर द्या. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात नेल्यावर पुन्हा सगळं वाचा, जोडाक्षरं फुटतात. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. (त्यांना बढती मिळाली म्हणा!)

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून भरले. पुढं छापखानाही उभा केला. लिहिणारा आणि छापणारा ह्यांच्यामध्ये परका हात नको, ह्याचं मोल त्यांना कळत होतं. आपण मात्र फाइल देतो आणि थेट प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक बघतो.

प्रस्तावनेबद्दल थोडं. मोठ्या प्राध्यापकाची बारा पानं आधी आणि ती पान १ पासून, म्हंजे आपण सुरू होतो तेराव्या पानावर. मराठी पुस्तकांत जुनी रीत आहे, सुरुवातीच्या पानांना 'पाच', 'सहा' असे अक्षरी आकडे द्यायचे. ती पाळा. पान १ उजव्या हाताला येतं, ते आपल्या मजकुराचं.

राहिला शब्दार्थांचा प्रश्न. बरेच मित्र म्हणतात यादी नकोच, कुणासाठी द्यायची? मी म्हणतो द्या, पण बाहेरच्यांसाठी नव्हे. पुण्यात, नागपुरात फ्लॅटमध्ये वाढलेल्या आपल्याच नातवाला 'तक्क्या' म्हंजे काय ते ठाऊक नाही, 'हाडकी' कसली ते ठाऊक नाही. तळटीप नको, ती मधेच बाही ओढते. यादी शेवटी घाला. मजकूर १५४ पानांत संपला तरी फॉर्म भरायला १६० छापावीच लागतात. उरलेल्या सहा पानांत ती बसते आणि वेगळा कागद लागत नाही.