पेव आणि बेणे

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात, जमिनीच्या पोटात सुरईच्या घाटाची पेवे खणलेली आहेत; तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र विशाल, शेणाने सारवलेले आणि कडेने उसाचा पाला लावलेले. वरून मातीने तोंड लिंपले की आतली हळद किडीवाचून वर्षानुवर्षे टिकते. आणि पेव फोडल्यावर, आत सोडलेला कंदील तळाशी न विझता जळतो हे पाहिल्याखेरीज, कोणी हमाल आत उतरत नाही. २००५ च्या महापुराने यांतली कितीतरी पेवे बुडवली.

पेवात जाते ती हळद काहिलीत शिजलेली, उन्हात वाळलेली. तिला पुन्हा कोंब येणे नाही. त्याच पिकातले जेठे गड्डे मात्र शेतकरी बेणे म्हणून कच्चेच बाजूला काढतो, झाडाच्या सावलीत त्यांची रास रचून ती हळदीच्याच वाळक्या पाल्याने झाकतो, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होणाऱ्या लागवडीपर्यंत जपतो. साताऱ्याकडच्या आल्याच्या बेण्याची गोष्टही फारशी निराळी नाही.

साठवण म्हटली की अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करण्याचे व्रत, आठवते; पतंजलींनी ते यमांत गणले, जैनांनी महाव्रतांत. याच मुलखातला व्रतस्थ जैन गृहस्थ ओली हळद अनंतकाय, म्हणजे एकाच देहात अनंत जीव असलेली, म्हणून वर्ज्य मानतो आणि वाळलेली निःशंकपणे फोडणीत घालतो. आले नाही, सुंठ चालते. ही केवळ सोय, असे शंकेखोर म्हणतात. मग उकडलेला बटाटा का नको, या त्यांच्या प्रश्नाला ‘हळद चिमूटभर, बटाटा ताटभर’ असे जे उत्तर मिळते ते मला अर्धेच पटते; पण सचित्त आणि अचित्त, म्हणजे सजीव आणि निर्जीव, हा जो भेद त्या गृहस्थाच्या स्वयंपाकघरात पाळला जातो, तोच शेतकऱ्याने पेव आणि रास यांत पाळलेला आहे, हे नाकारता येत नाही.

संग्रह किती, एवढेच आपण विचारतो. कशाचा, हे विचारीत नाही. पेवातल्या निर्जीव जिनसेवर मालकाची हुकमत चालते, भाव चढेपर्यंत तिला कोंडता येते; बेणे मात्र ठेवणाऱ्यालाच मुदत घालून देते, आणि म्हणून त्याला परिग्रह म्हणण्यापेक्षा पुढच्या हंगामाची अनामत म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

चैत्रअखेरीस एकदा अशा राशीवरचा पाला सारला, तेव्हा आत दमट ऊब होती आणि गड्ड्यांचे डोळे फुगून पांढुरके झाले होते. शेत अजून नांगरटीतच होते. शेतकऱ्याने पाला पुन्हा ओढला आणि लगबगीने बैल जुंपायला गेला.