घाम कुणाचा, फीत कुणाची?

गेल्या वर्षी लेकीच्या शाळेत एक अर्ज भरायचा होता. शाळेबाहेर नियमितपणे एखादा खेळ खेळणाऱ्या मुलांना व्यायामाच्या तासातून सूट मिळते. पोहणाऱ्या आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या तिच्या मैत्रिणींना ती लगेच मिळाली. आमच्या अर्जात लिहिलं होतं, 'घोडेस्वारी'. अर्ज परत आला. हा छंद आहे, खेळ नव्हे, असा शेरा होता.

लेक पंधरा वर्षांची. आमच्या व्हर्जिनियातल्या गावाबाहेर एक तबेला आहे, तिथे ती सहा वर्षं जाते आहे. थंडीत पहाटे उठून लीद काढते, खरारा करते, मग रपेट. तिचा संताप मला समजत होता. त्या रविवारी तिने कोल्हापूरला फोन लावून आजोबांकडे तक्रार केली. माझे वडील, म्हणजे आबा, तालमीत वाढलेले. त्यांच्या मते अंगाला लाल माती लागल्याशिवाय खेळ होत नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, "पण बाळ, पळतंय ते घोडं. घाम त्याला आणि फीत तुला व्हय?"

लेक रुसली, मी हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आबांच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. स्वार नुसता बसलेला असतो हा समज एकदा घोड्यावर बसलं की जातो. शेहेचाळिसाव्या वर्षी मी एक धडा घेतला. घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलाला पाठीतून एक धक्का येतो. तो झेलायचा तर रिकिबीत उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. तेही हातातला लगाम न हलवता, कारण लगामाचं दुसरं टोक एका जिवंत तोंडात असतं. अर्ध्या तासात माझ्या मांड्या थरथरायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. मांड ठोकणे हा शब्दप्रयोग कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

धोकाही खराच. 'सुपरमॅन'च्या भूमिकेने जगाला माहीत झालेला क्रिस्टोफर रीव्ह 1995 मध्ये आमच्याच राज्यातल्या कलपेपरला एका स्पर्धेत उतरला होता. अडथळ्यापाशी घोडा थांबला, तो पुढे फेकला गेला आणि मानेखालचं सगळं शरीर कायमचं लुळं झालं.

पण कष्ट आणि धोका एवढ्यावरच खेळ ठरत असेल तर हमाली आणि खाणकामही खेळ ठरतील. उलट बाजूलाही उदाहरणं आहेत. जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसले तेव्हा 71 वर्षांचे होते. त्या वयात शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत कुणी दिसणार नाही. मग शाळेचा शेरा बरोबरच म्हणायचा का?

इथे मला डेन्मार्कच्या लिस हार्टेल आठवतात. 1944 मध्ये, गर्भारपणात, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे अधू झाले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागे. 1952 साली हेलसिंकीत ड्रेसाजमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच भाग घेता आला, आणि पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी रौप्यपदक मिळवलं. स्वार घोड्याला सूचना देतो त्या मुख्यतः पोटऱ्यांनी आणि टाचांनी. ते साधनच गेल्यावर या बाईंनी पाठ, कंबर आणि वजनाचा तोल यांतून घोड्याशी बोलायची वेगळी भाषा घडवली. बळ नव्हे, पण शरीरच. आणि तेही वर्षानुवर्षं घोटलेलं. शरीर इतकं शिकवावं लागतं, चूक लगेच उघडी पडते आणि हार-जीत त्यावर ठरते, याला खेळ म्हणायचं नाही तर नेमबाजी आणि तिरंदाजीलाही म्हणता येणार नाही. शाळेचा शेरा चुकला, असं माझं मत आहे.

आबांच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अवघड आहे. फीत कुणाची?

घोडेस्वार याचं एक ठरलेलं उत्तर देतात: आम्ही दोघे मिळून खेळतो, घोडा आमचा जोडीदार आहे. लेकही तेच म्हणते. हे उत्तर मला पटतं, पण ते फुकटचं नाही. घोडा सायकलीसारखं साधन असेल तर आबा म्हणतात ते जवळजवळ खरं, कारण साधनाचाच पराक्रम मोठा. आणि घोडा खेळाडू असेल तर खेळाडूला जे देणं लागतो ते त्यालाही द्यावं लागेल. थकल्यावर थांबण्याचा, दुखलं तर न खेळण्याचा हक्क. मिरवताना जोडीदार आणि हरताना साधन, असं चालणार नाही.

तोक्यो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, जगाने हे पाहिलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये घोडा स्वाराचा नसायचा; चिठ्ठी टाकून मिळायचा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं मिळायची. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. या खेळात सगळेच बारगीर, तेही वीस मिनिटांचे. जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. वाट्याला आलेला सेंट बॉय उडी मारायला तयार होईना. ती रडत होती, चाबूक वापरत होती. तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला आणि तिला स्पर्धेबाहेर काढण्यात आलं. पुढे या खेळातून घोडाच वगळला गेला. 2024 चं पॅरिस हे शेवटचं.

स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्यांनी यावर समाधान मानू नये. पॅरिसच्याच तोंडावर ब्रिटनची शार्लट ड्युजार्डिन, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी, घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाची चित्रफीत बाहेर आल्यावर स्पर्धेतून बाजूला झाली. शिलेदार असल्याने माणूस आपोआप जोडीदार होत नाही.

कुणी म्हणेल, घोड्याने खेळायला होकार कुठे दिलाय? खरं आहे, तो देऊच शकत नाही. म्हणून नकार ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे स्वाराची. मला वाटतं, या खेळातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे आणि त्याला गुण मिळत नाहीत.

या वसंतात लेकीची मोठी स्पर्धा होती. तिचा घोडा बिस्किट तबेल्याच्या मालकीचा, म्हणजे तीही बारगीरच. वर्षभर तयारी केलेली, प्रवेशशुल्क भरलेलं. उड्यांच्या आधी सराव करताना तिला डावीकडे वळताना काहीतरी खटकलं. तिच्या शिक्षिकेला दिसलं नाही. मलाही, अर्थातच, नाही. "दर चौथ्या-पाचव्या पावलाला तो पाय जपतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, एवढी एक फेरी करून बघ. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली उतरली आणि नाव मागे घेतलं. घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून रडत होती. दोन दिवसांनी पशुवैद्यांनी खुरात गळू असल्याचं सांगितलं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जोडीच्या पैलवानाचा खांदा दुखावला असंल तर त्या अंगानं डाव टाकायचा नाही, असं वस्ताद सांगायचे. पोरीला कुणी शिकवलं?"

मी शिकवलं नाही, एवढं नक्की. बहुधा बिस्किटनेच.

अर्ज यंदा पुन्हा भरायचा आहे आणि शेरा बदलेल अशी फारशी आशा नाही. आबा मात्र बदललेत. दर रविवारी फोनवर आले की ते नातीच्या आधी घोड्याच्या पायाची चौकशी करतात.