अबोला आणि मधला माणूस

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन शेजाऱ्यांचा अबोला आठ वर्षं टिकला. भांडण पार्किंगचं. पण टाकी दोघांची एकच, म्हणून पंप बिघडला की वॉचमनकाका जिना चढायचे: "खालचे म्हणतायत, मेकॅनिक चारला येतोय." कुणीच माघार घेतली नाही, पण पाणीही अडलं नाही.

सरकारांच्या अबोल्यातही असा जिना चढणारा कुणीतरी लागतो. चीन आणि तैवान एकमेकांचं सरकार मानत नाहीत. म्हणून 1990-91 मध्ये दोघांनीही कागदोपत्री बिनसरकारी अशी एकेक संस्था उभी केली. 1993 साली सिंगापुरात या संस्थांचे प्रमुख भेटले आणि सह्या कशावर झाल्या? दाखल्यांची पडताळणी आणि हरवलेली रजिस्टर्ड पत्रं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. सार्वभौमत्वाचा वाद राहू दे बाजूला, पण कुणाच्या तरी वारसाहक्काचा कागद खरा ठरला पाहिजे.

असा मधला माणूस कमी पडला की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. 1955 साली भारत-पोर्तुगाल संबंध तुटले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्याच वर्षी गोवा मुक्तीसाठी लढणारे सांगलीचे मोहन रानडे गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, रानडे मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगातच. गायक सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपना साकडं घातलं. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये. एका गायकाला आणि एका धर्मगुरूला हे काम करावं लागलं; दोन सरकारांमधली रोजची वाट त्यासाठी पुरी पडली नाही.

आज पालघरचे मच्छीमार गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली की कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. शिक्षा संपली तरी सुटका होईलच असं नाही. घरी बायको उसनवारीवर दिवस काढते. अशा कैद्यांसाठी भारत-पाकिस्तानने 2007 मध्ये निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती नेमली होती. हे न्यायाधीश तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत, आजारी आणि शिक्षा संपलेल्यांना सोडा म्हणून शिफारस करत. तिची शेवटची फेरी झाली ऑक्टोबर 2013 मध्ये.

दोन सरकारांनी खुशाल अबोला धरावा. पण ही समिती पुन्हा बसवा. तिला ना झेंडा लागतो, ना हस्तांदोलनाचा फोटो.