रेडिएटर बसवण्याआधी

पाना अजून हातात घेऊ नका. स्कूटर स्टँडवर आहे, साइड कव्हर उतरवलंय, रेडिएटर खाली गोणपाटावर आहे. त्याच्यापाशी थोडं बसा. दोन कडांना दोन टाक्या, मधे चपट्या नळ्या, आणि नळ्यांच्या फटींत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या घड्या. नखाने दाबलं तरी एखादी घडी मुडपते. एवढ्या नाजूक वस्तूच्या भरवशावर आपण भोरहून वरंध घाट उतरून पुन्हा चढणार आहोत, वेल्ह्याहून पाबे घाट ओलांडणार आहोत. (तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालंय, बोलण्यात मात्र अजून वेल्हंच आहे.)

मनात एकच प्रश्न धरा. उष्णता शेवटी जाते कुठे?

पेट्रोल जळल्यावर त्यातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेली बहुतेक सायलेन्सरवाटे आणि सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता होऊन बाहेर पडायला बघते. बजाजने १९७२ साली आणलेल्या चेतकमध्ये तिची सोय साधी होती. मॅग्नेटच्या चाकावरच पंख्याची पाती, सिलिंडरवर टोपी. इंजिन फिरलं की वारा फिन्समधून जायचाच. लाखो घरांचे संसार त्या वाऱ्यावर चालले. तुम्ही मात्र जुन्या सांगाड्यात जास्त ताकदीचं, पाण्यावर थंड होणारं इंजिन घातलंय. ते करताना आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद झाली असेल असं धरतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हौसेला सूट देत नाही. पुढे जाऊ.

आता पाण्याच्या एका घोटाबरोबर चला, सावकाश. पंपाने ढकललं, पाणी लायनरभोवती फिरलं. तिथून हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारून, जिथे सगळ्यात जास्त भाजतं. ८० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला, पाणी होजमधून रेडिएटरच्या वरच्या अंगाला आलं, चपट्या नळ्यांत पसरलं, निवत निवत खाली उतरलं आणि पुन्हा पंपाशी. पाण्याची ऐपत मोठी आहे. दहा अंशांनी तापताना एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवा लागते. पण पाण्याने उष्णता गिळली असं समजू नका. त्याने ती इथून उचलून तिथे नेऊन ठेवली. शेवटी घ्यायची ती हवेनेच, आणि तिला ते साडेतीन हजार लिटर चुकत नाहीत.

इथे जरा थांबा. चढावर इंजिन १० अश्वशक्ती देत असेल, तर साधारण तेवढीच, म्हणजे साडेसात किलोवॅट उष्णता पाण्यात उतरते असं धरू. स्कूटरमध्ये पाणी किती? लिटरभर. हवेने उष्णता घेणं थांबवलं, तर धातूचा वाटा सोडून ते लिटरभर पाणी ८० अंशांवरून १०० वर यायला ११ सेकंद पुरतात. डोळे मिटून ११ सेकंद मोजा. रेडिएटर कुठे बसवायचा याचा विचार या अवधीत बसून करायचा आहे.

आता घाट डोळ्यांसमोर आणा. भोरहून निघालात, नीरा-देवघरच्या पाण्याकडेने गेलात, घाटमाथा ओलांडून महाडच्या अंगाला उतरलात. जाताना काही कळत नाही; उतारच आहे. परीक्षा परतीला. एप्रिल-मेची दुपार, खालून कोकणातली दमट हवा, मागे एक माणूस बसलेला, वेग ताशी २०. तुम्ही पूर्वेकडे चढताय आणि समुद्राकडून येणारा दुपारचा वाराही पूर्वेकडेच चाललाय. त्याचाही वेग २०च्या घरात असला तर रेडिएटरसमोरची हवा जवळपास उभी. मोकळ्या रस्त्यावर ज्या वाऱ्याचा हिशेब करून तुम्ही निर्धास्त होतात, तो नेमका इथे नाही. उरला फक्त पंखा.

म्हणून जागा निवडताना हवा आत कशी येईल एवढंच बघणाऱ्या मेस्त्रीवर माझा विश्वास नाही. ती बाहेर कुठून जाईल ते विचारा. व्हेस्पाच्या जीटीएस मालिकेत रेडिएटर पुढे लेगशील्डमध्ये असतात. यामाहाच्या एरॉक्स १५५मध्ये, जी भारतात २०२१ साली आली, तो थेट इंजिनच्या उजव्या अंगाला आहे आणि त्याचा पंखा क्रँकवर. उभ्या गाडीतही तो फिरतो. घरी बांधलेल्या गाडीत क्रँकवर पंखा बसवणं सहसा जमत नाही, तेव्हा विजेचा पंखा आणि पुढची जागा, हे माझं मत. फूटबोर्डखाली नको; दगड आणि चिखल पहिल्यांदा तिथेच लागतो, शिवाय रेडिएटर खाली आणि हेड वर राहिलं की हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकतो. चेतकचं अंग हीच तिची चेसिस, म्हणून लेगशील्डला मोठं भोक पाडू नका. लँब्रेटात नळीची फ्रेम असते, तिथे ब्रॅकेटला आधार मिळतो. ब्रॅकेट आणि रेडिएटर यांच्यामध्ये रबरी बुश हवेतच. थेट कसलात तर हादऱ्याने टाकीचा सांधा उकलेल.

आणि होज. मागचा शॉकअप दाबा, इंजिन हलताना बघा. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासोबत वरखाली होतं, रेडिएटर मात्र सांगाड्याला खिळलेला. दोघांमधला पाइप प्रत्येक खड्ड्याला वाकणार. तो इंजिनच्या पिव्हटजवळून न्या, तिथे हालचाल सर्वांत कमी असते, आणि थोडी ढील ठेवा. शॉकअप पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून, दोन्ही वेळा पाइपवर हात फिरवा. कुठे मुडपतोय, कुठे पत्र्याला घासतोय, बोटांना कळेल.

जुलैत वेल्ह्याच्या रस्त्यावर भातखाचरांतून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल पसरतो. पुढचं चाक तो उडवतं आणि घड्यांच्या फटी लिंपून टाकतं. मडगार्डला रबरी फ्लॅप लावा, पुढे जाळी लावा, आणि धुताना पाणी मागच्या बाजूने, हलक्या धारेने मारा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनपुढे घड्या आडव्या होतात.

आता भरा. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कुलंट. हळूहळू ओता, होज दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. कॅपवर १.१ असा आकडा दिसेल. तेवढा दाब धरला की आतलं नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, कुकरमधलं तत्त्व. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी चहाभज्यांसाठी थांबलात तर गाडी लगेच बंद करू नका. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, आणि तापलेलं हेड मात्र शेजारच्या पाण्यात उष्णता सोडतच राहतं. मिनिटभर तशीच चालू ठेवा. आणि पाण्याची पातळी बघायचा कितीही मोह झाला तरी वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत कॅपला हात लावू नका.